ताप, किरण आणि तापमापी : कर्करोगावरील उष्णोपचाराची दीडशे वर्षे

मोहालीच्या नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील एका प्रयोगाची बातमी मध्यंतरी देशभर प्रसिद्ध झाली. ग्लायोमा या प्रकारच्या गाठी असलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांना चुंबकीय नॅनोकण द्यायचे, बाहेरून प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र लावून ते कण तापवायचे, आणि सोबत एचएसपी९० या प्रथिनाचे काम रोखणारे १७-डीएमएजी हे औषध द्यायचे, असा तो प्रयोग. उष्णतेची जोड मिळाल्यामुळे औषधाची मात्रा कमी ठेवता येते, असा त्याचा निष्कर्ष. अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. कोणाला उष्णतेने कर्करोग बरा होतो असे वाटते, तर कोणाला हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होते असे वाटते. इतिहास या दोघांनाही फारशी साथ देत नाही. तो ज्या प्रश्नाभोवती फिरतो तो प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे : गाठीच्या आत, उपचार चालू असताना, तापमान नेमके किती होते?

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. जाळणे वेगळे आणि तापवणे वेगळे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. क्षारापेक्षा अग्नी श्रेष्ठ मानून ग्रंथी, अर्बुद, अर्श, भगंदर अशा विकारांत डाग देण्याचा विधी तिथे सांगितला आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक सूत्रांतही औषध, शस्त्र आणि अग्नी अशी चढती क्रमवारी आढळते. ही सारी दहनक्रिया होय. आजच्या शस्त्रक्रियागृहातील विद्युतदहन, किंवा यकृतातील गाठीत सुई घालून रेडिओ लहरींनी ती भाजून काढण्याची पद्धत, ही त्याच कुळातील. तिथे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते आणि टप्प्यात येणारी प्रत्येक पेशी मरते. वैद्यकात ज्याला हायपरथर्मिया म्हणतात तो उष्णोपचार मात्र साधारण ४० ते ४५ अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात चालतो. ही उष्णता कडक तापाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक असते, निरोगी ऊतींना ती काही काळ सोसवते. म्हणून अग्निकर्माला या उपचाराचा पूर्वज म्हणणे मला पटत नाही. त्याचा खरा पूर्वज ताप आहे.

१८६६ साली बॉन येथील शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या चेहऱ्यावर सार्कोमाची गाठ होती. तिला विसर्प झाला, म्हणजे बोलीत ज्याला धावरे म्हणतात तो त्वचेचा जंतुसंसर्ग. मोठा ताप आला, आणि त्यानंतर गाठ विरली. त्या काळी जंतूंची ओळखही पुरती पटलेली नव्हती. पुढे १८८०च्या दशकात फ्रीड्रिश फेलाइजेन यांनी विसर्पाला कारणीभूत असणारा स्ट्रेप्टोकोकस वेगळा काढला आणि तो कर्करोगाच्या रुग्णांना टोचूनही पाहिला.

या धाग्याला चिकटून राहिला तो न्यूयॉर्कचा एक तरुण शल्यचिकित्सक, विल्यम कोली. त्याची सतरा वर्षांची एक रुग्ण हाताच्या सार्कोमाने, हात कापूनही, १८९१च्या जानेवारीत दगावली. अस्वस्थ होऊन त्याने रुग्णालयातील जुन्या नोंदी चाळल्या. तिथे त्याला मानेवर सार्कोमा असलेल्या एका माणसाची नोंद सापडली. शस्त्रक्रियेने गाठ जात नव्हती, पण रुग्णालयातच विसर्प झाला आणि ती नाहीशी झाली. कोलीने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतून हिंडून तो माणूस शोधून काढला. तो जिवंत होता आणि त्याला कर्करोगाचे लक्षण उरले नव्हते. काट्याने काटा काढण्याचा हा मार्ग कोलीने १८९१मध्ये स्वतः वापरून पाहिला. जिवंत जंतू टोचणे हा जिवावरचा खेळ असल्याने पुढे त्याने मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले, आणि ते ‘कोलीचे विष’ म्हणून ओळखले गेले. काही रुग्ण आश्चर्यकारकरीत्या सुधारले, अनेक सुधारले नाहीत, आणि कोणता सुधारेल हे आधी सांगता येत नव्हते.

आज प्रतिकारशक्तीवर काम करणारे शास्त्रज्ञ कोलीला आपला मूळपुरुष मानतात आणि उष्णोपचारवालेही मानतात. दोघांनाही तो हक्क सांगता येतो याचे कारण त्याच्या प्रयोगातच आहे. तापात जंतू, प्रतिकारशक्तीची धावपळ आणि शरीराचे वाढलेले तापमान हे तिन्ही एकत्र येतात. एकाच समीकरणात तीन अज्ञात असले तर कोणाचीही किंमत काढता येत नाही. ते वेगळे करण्याचा एक सरळ प्रयत्न १८९८मध्ये स्वीडिश स्त्रीरोगतज्ज्ञ वेस्टरमार्क यांनी केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर त्यांनी नळीतून ४२ ते ४४ अंशांचे पाणी सलग फिरवत ठेवले, तेही ४८ तासांपर्यंत. संसर्ग नाही, विष नाही, केवळ उष्णता. गाठी आक्रसल्याची नोंद त्यांनी केली. याच दशकात पॅरिसमध्ये द’आर्सोनव्हाल यांनी दाखवून दिले होते, की पुरेशा उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह शरीरातून गेला तर स्नायूंना झटका बसत नाही, फक्त आत ऊब जाणवते. शरीराच्या आतला भाग बाहेरून तापवण्याचे साधन त्यातून हाती आले.

याच सुमारास, १८९५मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागला. पुढची कथा या दोन भावंडांची आहे, आणि त्यातले एक भावंड फार वेगाने मोठे झाले. दोघांना एकत्र आणण्याची कल्पना लवकरच सुचली होती. १९२१मध्ये रोडेनबर्ग आणि प्राइम यांनी प्राण्यांमधील गाठींवर प्रयोग करून दाखवले, की एकेकट्याने पुरी न पडणारी उष्णता आणि एकेकट्याने अपुरे पडणारे किरण एकत्र आले तर गाठ नष्ट होऊ शकते. १९३५मध्ये रोचेस्टरच्या स्टॅफर्ड वॉरन यांनी, ज्यांच्या बाबतीत अन्य उपचारांची आशा संपली होती अशा रुग्णांना कृत्रिम ताप आणि क्ष-किरण एकत्र दिल्याचा प्राथमिक अहवाल लिहिला. (हेच वॉरन पुढे अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पाचे वैद्यकीय प्रमुख झाले.) तापाकडे उपचार म्हणून पाहणे तेव्हा मुळीच विक्षिप्त नव्हते. मज्जासंस्थेला ग्रासणाऱ्या उपदंशावर हिवतापाचा ज्वर चढवून इलाज करणाऱ्या वाग्नर-यौरेग यांना १९२७चे वैद्यकाचे नोबेल मिळाले होते.

मग किरणोपचार पुढे गेला आणि उष्णता मागे का पडली? किरण अधिक प्रभावी होते हे खरेच. पण माझ्या मते याहून महत्त्वाचे कारण मोजमापाचे आहे. १९२८मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत क्ष-किरणांच्या मात्रेसाठी ‘रॉन्टजेन’ हे एकक स्वीकारले गेले. त्यामुळे पॅरिसच्या डॉक्टरने दिलेली मात्रा न्यूयॉर्कच्या डॉक्टरला तशीच देता येऊ लागली. कोणती मात्रा निरुपयोगी, कोणती घातक, हे अनुभव जुळवून ठरवता आले. उष्णतेला असे एकक मिळायला १९८४ साल उजाडले. मधल्या छप्पन्न वर्षांत ‘रुग्णाला उष्णता दिली’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक दवाखान्यात वेगळा होता.

ते एकक ज्या पायावर उभे राहिले तो पाया पेशीविज्ञानाने घातला. १९६०च्या दशकात जॉर्ज क्राइल (धाकटे) यांचे प्राण्यांवरील प्रयोग आणि १९६७मध्ये रोमच्या काव्हालिएरे व सहकाऱ्यांचे काम यांमुळे या विषयाकडे पुन्हा लक्ष गेले. १९७१मध्ये वेस्ट्रा आणि ड्यूई यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशी ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवून किती जगतात हे मोजले. त्यांचे आलेख किरणोपचाराच्या आलेखांसारखेच दिसत होते, फक्त आडव्या अक्षावर किरणांच्या मात्रेऐवजी मिनिटे होती. त्यातून आणखी एक मोलाची गोष्ट दिसली. पेशी विभाजनापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करते त्या टप्प्यावर ती किरणांना चांगलीच दाद देत नाही. उष्णतेला मात्र नेमक्या त्याच टप्प्यावर सर्वाधिक बळी पडते.

अशा जोड्या पुढे आणखी सापडत गेल्या. गाठीतील रक्तवाहिन्या ओबडधोबड आणि अपुऱ्या असतात. त्यामुळे गाठीच्या आतील भागाला प्राणवायू कमी पडतो. प्राणवायूवाचून राहिलेल्या पेशी मारायला किरणांची जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. पण अशा भागात आम्लता वाढलेली असते, आणि आम्ल वातावरणात भुकेलेल्या पेशींना उष्णता अधिक बाधते. निरोगी ऊती तापली की तिच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त उष्णता वाहून नेते. गाठीला हे नीट जमत नाही, म्हणून ती शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापते. शिवाय किरणांनी डीएनएची मोडतोड झाली की पेशी ती दुरुस्त करू लागते, आणि ही दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेतच उष्णता बिघाड करते. या दुरुस्तीसाठी लागणारे बीआरसीए२ हे प्रथिन साध्या ४१-४२ अंशांनाही विघटित होते, असे २०११मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले. कर्करोगाची पेशी मुळातच उष्णतेला नाजूक असते हा समज प्रचलित आहे, पण तो सरसकट खरा नाही. नाजूकपणा बराचसा तिच्या वस्तीचा आहे. म्हणूनच उष्णता एकटी फारसे साधत नाही, आणि किरण किंवा औषध सोबत असले की ज्या पेशी त्यांच्या हातून सुटतात त्यांना गाठते.

आता एककाकडे येऊ. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा भाग विशेष आवडेल. ४३ अंशांच्या वर तापमान एका अंशाने वाढवले की तेवढ्याच पेशी मारायला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ अंशांना ६० मिनिटे, ४४ला ३०, ४५ला १५. त्याखाली उतार अधिक तीव्र आहे : एक अंश खाली आलात की वेळ चौपट, म्हणजे ४२ अंशांना २४० मिनिटे. सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४मध्ये हाच नियम वापरून कोणताही तापमानाचा इतिहास ‘४३ अंशांवरील समतुल्य मिनिटे’ या एका संख्येत मांडला. अऱ्हेनियसच्या समीकरणात पाहिले तर या निम्मे होण्यामागे मोलला सुमारे १४० किलोकॅलरी इतकी सक्रियण ऊर्जा दडलेली आहे. साध्या रासायनिक अभिक्रियेसाठी हा आकडा प्रचंड आहे. प्रथिनांची घडी विस्कटायला मात्र एवढीच ऊर्जा लागते. वहीत ३१६ केल्व्हिन घालून हे गणित करून पाहा, अंशामागे दुपटीचा वेग बरोबर निघतो. आणि यातच या उपचाराचा सगळा त्रास आहे. गाठीचा एक कोपरा दोन अंशांनी थंड राहिला, ४३ऐवजी ४१ला, तर तिथे पोहोचलेली मात्रा सोळा पटींनी कमी होते. किरणोपचारात इतकी चूक कोणी खपवून घेणार नाही. उष्णोपचारात ती रोजची होती.

कारण शरीर तापवणे हे पाण्याचे भांडे तापवण्यासारखे नाही. १९४८मध्ये हॅरी पेनेस यांनी माणसाच्या हातातील तापमाने मोजून जे समीकरण मांडले त्यात उष्णतावहनाच्या नेहमीच्या पदांबरोबर रक्तप्रवाहाचे एक पद आहे. उष्णोपचाराच्या अभियंत्यांची झोप उडवली ती या पदाने. मोठी रक्तवाहिनी शेजारून जात असेल तर गाठीचा तो काठ ती सतत थंड करत राहते. लहरींची अडचण वेगळीच. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हच्या वारंवारतेच्या लहरी स्नायूत दोनेक सेंटिमीटर जाता जाता विझतात, त्यामुळे त्या त्वचेजवळच्या गाठींनाच उपयोगी. खोलवर जायचे तर ७०-१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरावे लागते. पण तिथे ऊतीतील तरंगलांबी जवळपास अर्ध्या मीटरपर्यंत जाते आणि लिंबाएवढ्या गाठीवर नेम धरता येत नाही. त्यावर तोडगा म्हणून रुग्णाभोवती अँटेनांचे कडे करून त्यांच्या कला जुळवण्याची युक्ती निघाली. जपानमध्ये ८ मेगाहर्ट्झवर दोन तबकड्यांमधून प्रवाह नेणारी यंत्रे रुजली. त्यांत रुग्णाच्या अंगावरची चरबी आडवी येते, कारण प्रवाह त्या थराला लंब जात असल्याने स्नायूपेक्षा चरबीच जास्त तापते. अल्ट्रासाउंडने नेम चांगला धरता येतो, पण वाटेत हवा किंवा हाड आले की संपले.

आणि हे सारे करून आत काय घडले हे पाहायचे कसे? धातूची तापमापी सुई रेडिओ लहरींच्या क्षेत्रात स्वतःच तापते आणि खोटे सांगते. प्रकाशतंतूंवर चालणाऱ्या तापमाप्या आल्या तेव्हा हा दोष गेला. तरी सुई जिथे टोचली आहे त्या दोन-चार बिंदूंचेच तापमान कळते. रुग्णाला प्रत्येक बैठकीत तासभर गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये घामाघूम होऊन पडून राहावे लागते, त्यात या सुया.

या पार्श्वभूमीवर १९८०च्या दशकातील चाचण्यांकडे पाहायला हवे. १९७५मध्ये वॉशिंग्टनला या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि उत्साहाला उधाण आले. अमेरिकेतील आरटीओजी या गटाने त्वचेजवळच्या गाठींवर मोठी चाचणी घेतली. नुसत्या किरणांनी ३० टक्के गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, उष्णतेची जोड दिल्यावर ३२ टक्के. म्हणजे फरक नाहीच. अमेरिकेत या विषयाची हवा इथेच गेली; निधी आटला आणि यंत्रे कोपऱ्यात गेली. पण आकडे उलगडल्यावर वेगळेच दिसले. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींमध्ये प्रमाण ३९वरून ५२ टक्क्यांवर गेले होते. मोठ्या गाठी नीट तापल्याच नव्हत्या. याच गटाच्या पुढच्या चाचणीत गाठीत सुया घालून उष्णता दिली गेली. पुरेशा उष्णतेचे किमान निकष पूर्ण झाले ते एकाच रुग्णाच्या बाबतीत.

युरोपने नेट धरला. मेलॅनोमाच्या गाठींवरील ओव्हरगार्ड यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९५मध्ये आले : दोन वर्षांनंतर गाठ आटोक्यात राहिल्याचे प्रमाण २८वरून ४६ टक्के. पुढच्या वर्षी स्तनाच्या कर्करोगावरील पाच चाचण्या एकत्र करून ३०६ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. पूर्ण प्रतिसाद ४१वरून ५९ टक्के झाला. आणि २०००मध्ये नेदरलँड्समधील, खोलवरच्या गाठींवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मूत्राशय, गुदाशय आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचे ३५८ रुग्ण त्यात होते. गर्भाशयमुखाच्या रुग्णांत तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण नुसत्या किरणांनी २७ टक्के होते, उष्णतेसह ५१ टक्के. जवळपास दुप्पट.

इतक्या मोठ्या फरकानंतर हा उपचार जगभर का पसरला नाही? इथे काळाने दगा दिला. १९९९च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच चाचण्यांच्या आधारे डॉक्टरांना तातडीची सूचना पाठवली होती, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर सिसप्लॅटिन हे औषध द्यावे. डच चाचणी छापून आली तोवर ज्या नुसत्या किरणोपचाराशी तिने तुलना केली होती तोच जुना झाला होता. सिसप्लॅटिन कुपीतून येते आणि सलाइनमधून देता येते. उष्णतेला यंत्र लागते, भौतिकतज्ज्ञ लागतो आणि प्रत्येक बैठकीला दीड-दोन तास लागतात. निवड कठीण नव्हती. सिसप्लॅटिनसह किरण एका बाजूला आणि त्यात उष्णतेची भर दुसऱ्या बाजूला, अशी तुलना जपानमध्ये १०१ रुग्णांत झाली आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण सुधारले, जगण्यातील फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता.

या इतिहासातून एक सोयीची पळवाटही तयार झाली, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. फायदा दिसला की उष्णतेचे यश. दिसला नाही की ‘गाठ पुरेशी तापली नव्हती’. असे म्हणत राहिले तर कोणतीही चाचणी या उपचाराला कधीच खोटे ठरवू शकणार नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने गर्भाशयमुखाच्या ११० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००५मध्ये आले, उष्णतेचा फायदा दिसला नाही. उलट दुसऱ्या अवस्थेतील एका गटात जगण्याचे प्रमाण घटलेले दिसले. तिच्यावरही हाच आक्षेप घेतला गेला. दुसरीकडे ओव्हरगार्ड यांच्या चाचणीत ठरवलेले तापमान केवळ १४ टक्के बैठकांत गाठले गेले होते, आणि तरीही फायदा झाला. मग ‘पुरेशी’ म्हणजे किती?

याला प्रामाणिक उत्तर दिले ते ड्यूक विद्यापीठातील एलेन जोन्स आणि सहकाऱ्यांनी, तेही २००५मध्येच. त्यांनी निष्कर्ष लागल्यावर सबब शोधण्याऐवजी मात्रा आधीच ठरवली. प्रत्येक रुग्णाच्या गाठीला प्रथम एक चाचणीची बैठक दिली. जी गाठ तापतच नाही ती बाजूला काढली. उरलेल्या १०९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली : किरण सर्वांना, पण एका गटाला नावापुरती उष्णता आणि दुसऱ्याला किमान १० समतुल्य मिनिटे. तीही गाठीतील सरासरी तापमानावर मोजलेली नव्हती. मोजलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के ज्याच्या वर होते त्या तापमानावर मोजलेली होती. म्हणजे हिशेब सर्वांत थंड कोपऱ्याला धरून केला. पूर्ण प्रतिसाद कमी मात्रेच्या गटात ४२ टक्के, जास्त मात्रेच्या गटात ६६ टक्के. मला ही चाचणी या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते, कारण ती हरू शकत होती.

औषधांच्या जोडीनेही अशीच मिश्र कथा घडली. मऊ ऊतींच्या सार्कोमावर केमोथेरपीला खोलवरच्या उष्णतेची जोड देणाऱ्या, म्युनिकच्या इसेल्स यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ३४१ रुग्ण होते. दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण जवळपास ४३वरून ५३ टक्क्यांवर गेल्याचे २०१८मध्ये जाहीर झाले. पोटात पसरलेला कर्करोग शस्त्रक्रियेने काढून त्याच बैठकीत पोटाच्या पोकळीत गरम औषध फिरवण्याची पद्धत आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ‘हायपेक’ या नावाने परिचित आहे. अंडाशयाच्या कर्करोगात, ४० अंशांचे सिसप्लॅटिन ९० मिनिटे दिल्यावर, आयुष्याचा मध्यक ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ४३ अंशांचे ऑक्सॅलिप्लॅटिन ३० मिनिटे दिल्यावर मात्र काहीच फरक पडला नाही. औषध वेगळे, वेळ वेगळी, तापमान वेगळे, आजारही वेगळा. ‘हायपेक चालते का’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो.

भारतासाठी हा विषय परका नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आपल्या देशात आढळतात, आणि तोंड-घशाचे कर्करोग तर तंबाखूने घरोघरी पोहोचवले आहेत. नेमक्या याच दोन ठिकाणी किरणांबरोबर उष्णतेचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुईलगोळ आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगावर चाचणी घेतली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पूर्ण प्रतिसाद ४२.४वरून ७८.६ टक्क्यांवर गेला आणि आयुष्याचा मध्यक १४५ दिवसांवरून २४१ दिवसांवर. रुग्ण जेमतेम पन्नासच्या थोडे वर होते, म्हणून एवढ्यावर कोणी धोरण ठरवणार नाही. पण २४१ दिवस हा आकडा वाचताना हे रुग्ण कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचले होते तेही दिसते. अशा हतबल घरांना केवळ उष्णतेवर कर्करोग बरा करण्याचे आमिष दाखवणारे लोक आहेत. किरण किंवा औषध थांबवून गरम पट्ट्यांवर, वाफेच्या पेटीवर भिस्त ठेवायला सांगणाऱ्याकडे वर उल्लेखलेल्यांपैकी एकाही चाचणीचा आधार नाही. त्या प्रत्येक चाचणीत उष्णता ही किरणांच्या किंवा औषधांच्या जोडीला होती.

आता मोहालीच्या उंदरांकडे परत येता येईल. पेशी एकदा तापून वाचली की पुढचे एक-दोन दिवस ती उष्णतेला दाद देत नाही. म्हणूनच उष्णोपचाराच्या बैठका आठवड्यातून एक-दोनच ठेवतात. या चिवटपणामागे जी प्रथिने आहेत त्यांचा माग १९६२मध्ये लागला होता. इटलीत फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेतील फळमाश्यांच्या पेशी नेहमीपेक्षा अधिक तापमानाला राहिल्या आणि त्यांच्या गुणसूत्रांवर अनपेक्षित फुगवटे दिसले. तिथली जनुके कामाला लागली होती. उष्णतेने विस्कटलेल्या प्रथिनांना पुन्हा घडी घालणारी ही मदतनीस प्रथिने, आणि एचएसपी९० त्यांच्याच घराण्यातले. उष्णता देताना त्यालाच औषधाने रोखणे म्हणजे घर पाडताना गवंड्याला अडवून ठेवणे. मुंबईतील आयआयटी, खारघरची अॅक्ट्रेक आणि मोहालीची हीच संस्था यांनी मिळून सोन्याचे नॅनोकप बनवून प्रकाशाने तापवण्याचे काम केले आहे, तेही याच दिशेचे.

चुंबकीय कणांनी तापवण्याची कल्पनाही नवी नाही. १९५७मध्ये शिकागोच्या गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लसिकाग्रंथींत लोहकण पोहोचवून चुंबकीय क्षेत्राने त्या तापवल्या होत्या. बर्लिनच्या गटाने हे तंत्र मेंदूतील गाठींसाठी रुग्णांपर्यंत नेले आणि २०१०मध्ये त्याला युरोपात परवानगी मिळाली. लहरींची ती जुनी कोंडी इथे सुटते, कारण चुंबकीय क्षेत्र शरीरातून विनासायास आत जाते आणि तापतो तो फक्त कण. याच काळात, सुई न टोचता आतले तापमान पाहण्याचे साधनही तयार झाले. पाण्यातील प्रोटॉनची अनुनाद वारंवारता अंशामागे एक कोटीचा शंभरावा... मोजून सांगायचे तर दशलक्षात ०.०१ भागाने सरकते, १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्रात हे सरकणे अंशाला सुमारे ०.६४ हर्ट्झ भरते, आणि तेवढे पकडता येते. म्हणजे कण आत तापवायचे आणि एमआरआयने बाहेरून पाहायचे. फक्त हे दोन्ही एकत्र जमत नाही. लोहाचे कण भोवतालचे चुंबकीय क्षेत्र असे वेडेवाकडे करतात, की त्या जागी एमआरआयला काळोख दिसतो. बर्लिनच्या उपचारानंतर रुग्णांच्या मेंदूतील त्या भागाची एमआरआय प्रतिमाही घेता येत नसे. त्यामुळे सध्या काही प्रयोगशाळांतून कणांच्याच चुंबकीय प्रतिसादावरून त्यांचे तापमान ओळखण्याची खटपट चालू आहे.